घोडा कोणाचा? ‘सरंजाम’ या शब्दाची कहाणी

पुण्याच्या पेठांतील एखाद्या जुन्या घरात सत्यनारायण असला, की आदल्या संध्याकाळी घरातील वडीलधारी व्यक्ती हमखास विचारते, ‘पूजेचा सरंजाम जमला का?’ ताम्हण, पळी, समई, सुपाऱ्या, विड्याची पाने, चौरंग अशी सगळी जमवाजमव त्या एका शब्दात येते. त्याच घरातील महाविद्यालयात शिकणारी मुलगी त्याच संध्याकाळी परीक्षेसाठी युरोपच्या मध्ययुगावरील टिपण वाचत असते आणि त्यात दर दोन ओळींनी ‘सरंजामशाही’ हा शब्द येतो. चौरंगावरचे ताम्हण आणि कुळांवर हुकमत गाजवणारा जमीनदार यांच्यासाठी मराठीने एकच शब्द का ठेवला असावा, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. त्याच्या उत्तरात मराठी राज्याच्या लष्करी इतिहासाचा बराच मोठा भाग दडलेला आहे.

साधनसामग्रीला नाव देणारे शब्द कोणत्याही भाषेत फार काळ एका जागी स्थिर राहत नाहीत. इंग्रजीतील ‘किट’ हा शब्द मुळात लाकडी पट्ट्यांच्या गोल भांड्याचे नाव होता. पुढे त्यातून सैनिकाच्या पाठीवरचे सामान आणि आता क्रिकेटपटूची पिशवी असे अर्थ निघाले. ‘गिअर’ हा उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द. त्याचा आरंभीचा रोख पोशाख, चिलखत आणि युद्धाची तयारी यांकडे होता; दातेरी चाके त्याला फार उशिरा चिकटली. ‘इक्विपमेंट’ फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी बहुधा जहाज सज्ज करण्याची क्रिया आहे. मराठीतही हेच घडले आहे. ‘लवाजमा’ म्हणजे मुळात आवश्यक वस्तू. आज तो शब्द मंत्र्यांच्या मागे धावणाऱ्या माणसांना लावला जातो. ‘साहित्य’ तर पाककृतीच्या पुस्तकात रवा, तूप आणि साखर असते, आणि साहित्य संमेलनात कविता, कादंबरी आणि वाद. परंतु या सर्व शब्दांत सर्वांत दूरचा प्रवास ‘सरंजाम’चा आहे, आणि त्या प्रवासाची किंमत कुणाला ना कुणाला मोजावी लागलेली आहे.

शब्द फारसी. ‘सर’ म्हणजे डोके, आरंभ. ‘अंजाम’ म्हणजे शेवट. हिंदी चित्रपटांतील खलनायक ज्या अंजामाची धमकी देत असत, तोच हा. दोन्ही मिळून एखादे काम आरंभापासून अखेरपर्यंत तडीस नेणे, त्याची व्यवस्था लावणे आणि अर्थातच त्यासाठी लागणारी सामग्री, असा अर्थविस्तार झाला. मराठीत तो शब्द दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या कारभारातून आला आणि इतका मुरला, की त्याचे परकेपण कुणाला जाणवेनासे झाले. शिवराज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, त्यात शस्त्रांसाठी, सैन्यासाठी, दुर्गांसाठी स्वतंत्र वर्ग केले गेले. तरीही दप्तरातील आणि छावणीतील बोलण्यावर फारसीची पकड पुढील दीडशे वर्षे सुटली नाही. कोश राजाज्ञेने होतो. पण कारकुनाची लेखणी सवयीने चालते.

आता मुद्द्याचा प्रश्न. सतराव्या शतकातील घोडेस्वाराला काय लागे? घोडा, खोगीर, लगाम, तलवार, भाला, ढाल, दाणावैरण, नालबंद, पखालजी आणि रात्री अंगावर घ्यायला काही. हा सगळा सरंजाम म्हणजे शब्दशः सामान. त्याचा खर्च कोणी करायचा, या एका प्रश्नावर मराठी घोडदळाची दोन नावे उभी राहिली. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची शस्त्रे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. ‘बारगीर’ म्हणजे ओझे वाहणारा, आणि फारसीत तो शब्द ओझ्याच्या जनावराला लावत. ‘शिलेदार’मध्ये अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र आहे. आज ‘शिलेदार’ हा शब्द गौरवाने वापरला जातो. संघाचा शिलेदार, पक्षाचा शिलेदार. बारगीर मात्र आडनावापुरता उरला. या निवडीत भाषेने स्वतःच्या घोड्यावर बसणाऱ्याला मान दिला. शिवाजी महाराजांची पसंती नेमकी उलट होती.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवकालीन पागेची जी रचना दिली आहे, ती वाचताना एखाद्या भांडारपालाची नोंदवही उघडल्यासारखे वाटते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीस परत येई, तेव्हा दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांच्या शाकारलेल्या जागा आधीच तयार असत. दसऱ्याला मुलूखगिरीस निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी होई. परतल्यावर ती पुन्हा ताडून पाहिली जाई आणि जास्तीचे निघाले तर सरकारजमा होई. शिलेदारही होतेच, पण राज्याचा कणा पागा. पगार खजिन्यातून रोख किंवा वरातीने. सैनिकाला गाव तोडून द्यायचा नाही, कारण गाव हाती आला की रयतेवर हुकमत येते आणि हुकमत आली की वाडा, बुरूज आणि मग बंडावा. सभासदाने हा हेतू आडवळणाने सांगितलेला नाही.

म्हणजे शिवकाळात सरंजाम हा राज्याच्या मालकीचा होता, आणि तो वस्तूंच्या स्वरूपात होता. अठरा कारखान्यांची जी यादी जुन्या कागदांत येते, ती तरी दुसरे काय आहे? हत्तींचा पीलखाना, तोफांचा तोफखाना, वस्त्रांचा आणि मूल्यवान वस्तूंचा जामदारखाना, तंबू-जाजमांचा फरासखाना. पुण्याच्या बुधवार पेठेतील फरासखाना पोलीस ठाण्यासमोरून रोज हजारो दुचाकी जातात. पेशवाईत हे नाव राहुट्या, कनाती आणि गालिचे सांभाळणाऱ्या खात्याचे होते, हे त्या वाहतुकीत कुणाला आठवावे अशी अपेक्षाही नाही.

ही घडी मोडली ती औरंगजेबाच्या स्वारीत. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. खजिना नाही, पागा नाही, रोख पगाराची शक्यता नाही. समोर मोगल बादशाह मराठा सरदारांना मनसबी आणि जहागिरी देऊन ओढत होता. अशा स्थितीत राज्याकडे देण्यासारखे उरले काय होते? जमीन, आणि तीही बहुतांशी शत्रूच्या ताब्यातील. जून १६९१ मधील राजाराम महाराजांचे हणमंतराव घोरपडे यांना दिलेले आश्वासनपत्र या दृष्टीने विलक्षण आहे. सहा लक्ष होनांचा सरंजाम, पण टप्प्याटप्प्याने: रायगडचा मुलूख घेतल्यावर काही, विजापूर घेतल्यावर काही, मग भागानगर, मग औरंगाबाद, आणि उरलेला मोठा हिस्सा खुद्द दिल्ली घेतल्यावर. ज्या राजाला स्वतःची राजधानी परत मिळवायची होती, तो दिल्लीचा महसूल वाटून देत होता. यात भाबडेपणा पाहणारे पाहोत. पण त्या कागदाने स्वार उभे राहिले, आणि त्या स्वारांनी औरंगजेबाला दख्खनमध्येच संपवले, हेही तितकेच खरे.

याच काळात शब्दाचा अर्थ वळण घेताना दिसतो. ‘फौजेच्या सरंजामास गाव दिला’ या वाक्यात सरंजाम म्हणजे अजून सामानच आहे आणि गाव हे त्याच्या खर्चाचे साधन. परंतु कारकुनी भाषा काटकसरी असते. शेकडो सनदा लिहिल्यावर मधला ‘स’ गळतो आणि ‘गाव सरंजाम दिला’ असे होते. एका प्रत्ययाच्या अंतराने खोगीर आणि लगाम मागे पडून शिवार पुढे आले. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारलेली १८५७ ची, हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना सापडतात: एखाद्या कामास लागणारी सामग्री, आणि फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला महसूल.

इथे एक गल्लत दूर ठेवली पाहिजे, कारण समाजमाध्यमांवर ती सर्रास होते. वतन, इनाम आणि सरंजाम हे एक नव्हेत. वतन हे पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्या कामाशी जोडलेले, वंशपरंपरेचे आणि जिवापाड जपले जाणारे. इनाम हे देवस्थान, विद्वान किंवा पराक्रमी पुरुष यांना दिलेले, बहुधा करमुक्त. सरंजाम हा मात्र करार होता. इतके स्वार बाळगा, बोलावणे आले की हजर व्हा, त्याबद्दल अमुक महालांचा वसूल घ्या. चाकरी संपली की सरंजाम संपला, असे तत्त्व. त्यातही दोन भाग पडत: जातसरंजाम, म्हणजे सरदाराच्या स्वतःच्या योगक्षेमासाठी, आणि फौजसरंजाम, म्हणजे पथकाच्या खर्चासाठी. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे त्याच्यावरच सगळा डाव उलटणार आहे.

शाहू महाराजांच्या काळात बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी १७१९ साली दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि या विस्कळीत देण्याघेण्याला हिशेबी चौकट मिळाली. सरदेशमुखीचे शेकडा दहा राजाचे. चौथाईचे शंभर रुपये आले असे धरले, तर पंचवीस रुपये ‘बाबती’ म्हणून राजाकडे, सहा रुपये ‘साहोत्रा’ म्हणून पंत सचिवाकडे, तीन रुपये ‘नाडगौडा’ म्हणून राजाच्या मर्जीने कुणाला तरी, आणि उरलेले सहासष्ट रुपये सरदारांकडे, फौजेच्या खर्चासाठी. आकड्यांकडे नीट पाहिले, की राज्याचे स्वरूप उमगते. प्रत्येक शंभरातील सहासष्ट रुपये मध्यवर्ती खजिन्यात येतच नव्हते. ते जिथे वसूल होत, तिथेच घोड्यांच्या पोटात जात. निदान जावेत अशी अपेक्षा होती.

बाळाजी विश्वनाथांच्या व्यवस्थेतील चलाखी अशी, की एका सरदाराचे हक्क सलग मुलखात न ठेवता निरनिराळ्या परगण्यांत विखुरलेले ठेवले जात. एकाच गावात एकाची बाबती, दुसऱ्याचा मोकासा, तिसऱ्याचा साहोत्रा. त्यामुळे कुणा एकाला सलग राज्य थाटता येऊ नये, आणि हिशेबासाठी सर्वांना साताऱ्याकडे, पुढे पुण्याकडे, पाहावे लागावे. शिवाय मोठ्या सरदाराच्या पदरी दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरखदार सरकारातून नेमले जात. मालक सरदार, पण त्याच्या खर्चाची वही लिहिणारा सरकारचा माणूस. आजच्या भाषेत सांगायचे तर लेखापरीक्षक कायमचा घरी मुक्कामाला.

तरीही व्यवस्था गळकी होती, आणि ती गळती घोड्यापाशीच होती. कागदावर हजार स्वार असत. हजेरीला किती उभे राहतील याचा भरवसा नसे. घोडे उसने आणून गणती भरून काढणे हा दख्खनच्या मातीतला शोध नव्हे. याच फसवणुकीला आळा घालण्यासाठी अकबराने घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांची चेहरेपट्टी लिहिण्याची पद्धत सक्तीची केली होती. फौजसरंजामातील वाचलेला प्रत्येक रुपया सरदाराच्या खासगीत जात असे, म्हणून कमी घोडे बाळगणे हाच त्याचा नफा. दुसऱ्या टोकाला शिलेदाराची अडचण. त्याचा घोडा म्हणजे त्याची सगळी पुंजी. तो मेला तर माणूस जिवंत असूनही चाकरीतून उठला. असा स्वार तोफांच्या तोंडावर घोडा घालताना दोनदा विचार करील, यात भित्रेपणा नाही, हिशेब आहे. बारगिराला तो हिशेब करावा लागत नसे. सभासदाने टिपलेल्या पागेमागचे शहाणपण इथे दिसते.

पुणे शहराचा आजचा नकाशा या सरंजामांच्या पैशावर उभा आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. रास्ता पेठ आणि घोरपडे पेठ ही नावे सरदार घराण्यांची. सदाशिव पेठेतील विंचूरकर वाडा घ्या. विठ्ठल शिवदेव हे पेशव्यांचे नामांकित सरदार, पानिपतावर लढलेले. नाशिककडील विंचूर सरंजामात आले आणि त्या गावाने घराण्याला आडनाव दिले. गाव घोड्यांसाठी मिळाले होते. पुण्यातील वाडा त्या प्रतिष्ठेतून आला. पुढे याच वाड्यात लोकमान्य टिळक राहिले आणि १८९४ साली तिथे सार्वजनिक गणपती बसला. दक्षिणेकडे हैदर अलीच्या आघाडीवर माधवराव पेशव्यांनी पटवर्धनांना मिरज आणि आसपासचा मुलूख फौजेसाठी लावून दिला, त्यातून पुढे सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड अशी संस्थाने निघाली. शिंदे, होळकर, पवार यांची गोष्ट तर सर्वज्ञात आहे. सामानाच्या खर्चासाठी दिलेल्या तरतुदी दोन पिढ्यांत दौलती झाल्या. बाप गेला की मुलाला सरंजाम चालवावा, हा रिवाज कुठल्या कायद्याने आला नाही. सरदाराचे पथक त्याच्या भावकीचे, ओळखीचे, त्याच्या शब्दावर लढणारे असे. त्याला काढून दुसरा नेमला तर पथकच उठून जाई. घोडे ज्याचे, राज्य त्याचे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युद्धाचे सामानच बदलले. महादजी शिंद्यांनी द बॉईनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना एकसारख्या बंदुका, दारूगोळा आणि दरमहा रोख पगार लागे. दसऱ्याला निघून आषाढात परतणाऱ्या स्वाराचा हिशेब तिथे चालत नसे. पण खर्चाची सोय मात्र जुनीच झाली: दुआबातील मुलूख द बॉईनकडे जायदाद म्हणून लावून दिला गेला. सामान नवे, सरंजाम जुना.

आणि मग इतिहासाने एक विचित्र खेळ केला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची सहा हजार पायदळाची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. शालेय पुस्तकांत या तहाला पारतंत्र्याची सुरुवात म्हटले जाते, ते चूक नाही. परंतु पेशव्यांच्या फडावरील एखाद्या जुन्या कारकुनाने तो मसुदा वाचला असता, तर त्याला त्याचा आकार परिचयाचा वाटला असता. इतकी फौज, त्याबद्दल इतका मुलूख. हा तर फौजसरंजाम! फरक एवढाच, की या सरंजामदाराच्या घरी दरखदार नेमण्याची ताकद पुण्याकडे नव्हती. जून १८१७ च्या पुणे करारात आणखी मुलूख गेला, पाच हजार स्वार आणि तीन हजार पायदळाच्या खर्चासाठी. त्या पैशातून शिरूर येथे जे घोडदळ उभे राहिले, त्याचीच परंपरा आजची पूना हॉर्स ही रेजिमेंट सांगते. पेशव्याचा मुलूख, कंपनीचे घोडदळ आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर चढलेले निशाण: साखळी पुरेशी स्पष्ट आहे.

गंमत अशी, की इंग्रजांनी शिलेदारी मोडली नाही. हिंदी घोडदळाच्या बहुतेक पथकांत स्वाराने ठरावीक रक्कम भरून ‘असामी’ घ्यायची, त्यातून घोडा आणि सामान यायचे, आणि ते स्वतःच्या पगारातून राखायचे, ही पद्धत शंभर वर्षे चालली. सरकारला ती स्वस्त पडे. १९१४ साली हीच पथके फ्रान्सच्या चिखलात उतरली, तेव्हा खंदकांच्या युद्धात गमावलेल्या सामानाची भरपाई स्वाराच्या खिशातून होणे अशक्य असल्याचे दिसून आले. १९२१ च्या पुनर्रचनेत शिलेदारी बंद झाली आणि घोडा सरकारचा झाला. सभासदाने जी व्यवस्था नोंदवून ठेवली होती, तिच्यापाशी साम्राज्य अडीचशे वर्षांनी येऊन पोहोचले. आणि त्यानंतर काही वर्षांतच घोड्यांच्या जागी चिलखती गाड्या येऊ लागल्या.

पुन्हा १८१८ कडे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसमोर पेशवाईतील सरदारांचे काय करायचे, हा नाजूक प्रश्न होता. त्यांना दुखावले तर बंड, राखले तर फौजा. त्याने जातसरंजाम आणि फौजसरंजाम यांतील जुना भेद हाती घेतला. पेशव्यांच्या सरदारांकडील फौजेसाठीचा मुलूख बहुतांशी सरकारने घेतला. स्वतःच्या योगक्षेमाचा भाग सरदारांकडे ठेवला. दक्षिणेकडील पटवर्धनांसारख्यांशी स्वतंत्र करार झाले. त्यांची स्वारांची चाकरी आधी कमी आणि पुढे रोख रकमेत रूपांतरित झाली. म्हणजे काय घडले? जो शब्द घोडे, खोगिरे आणि हत्यारे यांच्यासाठी जन्मला होता, त्यातून घोडे, खोगिरे आणि हत्यारेच काढून घेतली गेली. उरला फक्त सरदाराचा खासगी खर्च. १८१८ नंतरचा सरंजामदार हा सरंजाम नसलेला सरंजामदार होय. त्याच्या मानमरातबासाठी १८२७ च्या कायद्याने वर्ग पाडले गेले, दरबारात बसण्याच्या जागा ठरल्या, पुण्यात ‘एजंट फॉर सरदार्स’ बसला. शस्त्र गेले, शिष्टाचार राहिला.

इंग्रजी राजवटीला मग नवा प्रश्न छळू लागला: ही मालमत्ता आहे की मेहेरबानी? १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि पेशवे दप्तरातील रुमाल सोडून हजारो इनामांचे दावे तपासले गेले. अनेकांची इनामे पुराव्याअभावी गेली. सरंजाम मात्र त्या कायद्याच्या सामान्य नियमांतून बाजूला ठेवले होते. ते राजकीय स्वरूपाचे, म्हणून त्यांचा निर्णय सरकारच्या मर्जीने. १८९८ च्या सरंजाम नियमांनी हे अधिक कोरडे केले. सरंजामदार वारला की सरंजाम सरकारने परत घेतला असे मानायचे, आणि वारसाला जणू नव्याने द्यायचा. भावाभावांत वाटणी नाही, गहाण नाही, विक्री नाही. सरदार घराण्यांचे वकील वर्षानुवर्षे न्यायालयांत भांडत राहिले, की दिलेली वस्तू जमीन होती की केवळ तिचा महसूल. या वादात दोन्ही बाजू अठराव्या शतकातील सनदा पुढे करत. त्या सनदा लिहिणाऱ्यांच्या मनात यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्या मनात पुढल्या दसऱ्याला किती घोडे उभे राहतील, एवढेच होते.

विसाव्या शतकात शब्दाला आणखी एक वळण मिळाले. युरोपीय ‘फ्यूडॅलिझम’साठी मराठीला प्रतिशब्द हवा होता आणि ‘सरंजामशाही’ रूढ झाला. निवड योगायोगाने किती नेमकी होती पाहा. ‘फ्यूडॅलिझम’च्या मुळाशी असलेला ‘फीफ’ हा शब्दही बहुधा गुरेढोरे किंवा जंगम मालमत्ता अशा अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दापासून निघाला आणि चाकरीच्या बदल्यात दिलेल्या जमिनीपर्यंत आला. म्हणजे दोन खंडांत, एकमेकांना न विचारता, चालत्या-फिरत्या वस्तूंचे शब्द जमिनीवर जाऊन बसले.

पण या प्रतिशब्दाने एक अडचणही केली. पुण्यात राहणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात भारतीय फ्यूडॅलिझमचे ‘वरून आलेला’ आणि ‘खालून आलेला’ असे दोन प्रवाह मांडले. १९६५ साली रामशरण शर्मांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यानंतर हरबन्स मुखियांनी मुळातच हात घातला: भारतीय इतिहासात फ्यूडॅलिझम होता का? इंग्रजीत हा प्रश्न खरोखरचा प्रश्न आहे, कारण युरोपातील भूदास, त्यांची सक्तीची शेतमजुरी आणि लॉर्डची न्यायसत्ता इथे त्या रूपात होती का, यावर मतभेद होऊ शकतात. मराठीत तोच प्रश्न ‘भारतात सरंजामशाही होती का?’ असा विचारला, की तो विचारणाराच हास्यास्पद ठरतो. सरंजाम तर होतेच; सनदा पुण्याच्या दप्तरात पडल्या आहेत! प्रतिशब्दाने उत्तर आधीच देऊन ठेवले. मराठीतून इतिहास शिकणाऱ्याने ‘सरंजाम’ आणि ‘सरंजामशाही’ हे दोन शब्द मनात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणे म्हणूनच गरजेचे. पहिला दख्खनमधील एका विशिष्ट लष्करी कराराचे नाव, दुसरा समाजरचनेविषयीचा सिद्धान्त. ‘सरंजामी वृत्ती’ हा वर्तमानपत्री शब्दप्रयोग तर दोघांचाही नातेवाईक नव्हे. तो केवळ शिवी आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने सरंजाम, जहागिरी आणि राजकीय इनामे परत घेण्याचे नियम १९५२ मध्ये केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून ते अमलात आले. ज्या अधिकाराने १८९८ चे नियम प्रत्येक सरंजामदाराच्या मृत्यूनंतर त्याचा सरंजाम ‘परत’ घेत असत, त्याच अधिकाराने सगळे सरंजाम एकदाच परत घेतले गेले. फक्त पुन्हा दिले गेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात बांधलेल्या पेशवे दप्तराच्या दगडी इमारतीत त्यांचे कागद मोडीत लिहिलेले, रुमालांत बांधलेले आजही आहेत. त्यांतील एखाद्या पथकाची यादी काढली, तर तिच्यात घोड्याचा रंग, त्याच्या अंगावरच्या खुणा, स्वाराचे आणि त्याच्या बापाचे नाव अशा नोंदी सापडतात. तो घोडा पागेचा होता की त्या स्वाराचा स्वतःचा, हेही तिथेच लिहिलेले असते.